साळूबाईचं संकेतस्थळ

एका जंगलात एक चावडी होती. बसा नीट, पोरांनो, मांडी घालून. चावडी म्हणजे मोठा सपाट कातळ, आणि त्याचा मालक होता कोल्हा. कातळ काही त्याच्या बापाचा नव्हता. तो आधी येऊन बसला होता, एवढंच.

ज्याला चित्र काढता येई तो त्या कातळावर चित्र लावायचा. ज्याला येत नसे तोही लावायचा. कोल्ह्यानं वरच्या झाडावर चाळीस पोपट बसवले होते. चित्र आलं की पोपट वा वा म्हणायचे. सकाळी लावलेलं चित्र दुपारपर्यंत सात चित्रांखाली जायचं. वर कुठलं राहणार ते कोल्हा ठरवायचा, आणि वर राहायचा सिंह. सिंह, आणि मागं मावळता सूर्य.

म्हणून सगळं जंगल सिंहच काढायला लागलं. ससासुद्धा सिंह काढायचा, आणि काढून झाला की त्याला घाबरून पळायचा.

त्या जंगलात एक साळू राहायची. अंगभर काटे असतात ना, ती. आपलाच गळलेला काटा जांभळाच्या रसात बुडवून ती चित्रं काढायची. सिंह तिला आवडत नव्हता. ती काढायची रानडुकरिणीची जांभई, नाहीतर ध्यानाला बसलेल्या बगळ्याचा उघडा डोळा.

कोल्हा तिला म्हणाला, "साळूबाई, हात चांगलाय तुमचा. पण जांभया कोण बघतं? सिंहाच्या मिशा काढा."

साळूनं आपली चित्रं उचलली आणि ओढ्यापलीकडच्या आपल्या कपारीत नेली. कपार म्हणजे दगडातली गुहा. तिथं भिंतभर मांडली. भिंत तिची, काटा तिचा, पोपट एकही नाही.

कोल्ह्याला हे झोंबलं. चावडीवरनं कुणी आपण होऊन उठून गेलेलं त्यानं बघितलंच नव्हतं. त्यानं पैज लावली. अमावास्येचा सूर्य मावळायच्या आत पाच जणांनी साळूच्या कपारीत पाऊल ठेवलं, तर तो पुन्हा तिच्या वाटेला जाणार नाही. नाही ठेवलं, तर साळूनं जन्मभर चावडीवर बसून सिंहाच्या मिशा काढायच्या. साळू मुळात चिडकी. हो म्हणून बसली.

पंधरा दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. साळू रोज दार झाडायची, आणि मग आत बसून मिशी कुठनं वळते ते हळूच गिरवून बघायची.

शेवटी ती घुबडाकडं गेली. घुबड शिकलेलं. शुद्ध शब्दांच्या कुठल्याशा समितीवर होतं, आणि तिथंही झोपायचं. साळूनं विचारलं, दारावर पाटी काय लावू? 'माझी कपार' म्हटलं तर कोण येणार?

घुबडानं एक डोळा उघडला. "आपली स्वतःची जागा, जिथं लोकांनी येऊन बघावं, तिला शुद्ध मराठीत संकेतस्थळ म्हणतात." आणि डोळा मिटला.

साळूनं ठसठशीत अक्षरांत पाटी लावली: 'साळूबाईचे वैयक्तिक संकेतस्थळ. कधीही यावे. सर्वांचे स्वागत आहे.'

ती पाटी पहिल्यांदा वाचली बगळ्यानं. बगळा जुन्या पोथ्या वाचलेला. आणि जुन्या पोथ्यांत संकेतस्थळ म्हणजे काय, ठाऊक आहे? चोरून भेटायची जागा. कुणी कुणाला भेटायची, ते घरी आईला विचारा. मी सांगितलं की तुमच्या आया माझ्याशी भांडतात.

बगळ्यानं पाटी तीनदा वाचली. 'सर्वांचे' या शब्दापाशी तो बराच वेळ थांबला. मग शिव शिव म्हणत जंगलभर फिरला. साळू बिघडली, असं ज्याला त्याला सांगितलं. कुठं बिघडली, ओढा कुठं उतरायचा, कुठल्या झाडापाशी वळायचं, तेही नीट सांगितलं. म्हणजे कुणी चुकून तिकडं जायला नको.

अमावास्येला सकाळीच कोल्हा कपारीसमोर मोजायला बसला.

पहिला बगळाच आला. साळूला चार शब्द समजावून सांगायला आलोय म्हणाला. मग ससा आला, तोंडापुढं पळसाचं पान धरून. कान वर तसेच. तिसरी रानडुकरीण. तिला नवरा आत आहे का ते बघायचं होतं. आणि चौथी कुणीतरी वेलींचा पदर डोक्यावरनं ओढून भर्रकन आत शिरली.

आत चौघं समोरासमोर. कुणी कुणाकडं बघेना. पण नजर कुठंतरी ठेवायला हवी ना? ठेवली भिंतीवर. आणि मग काढता येईना. रानडुकरीण आपल्या जांभईपुढं उभी राहून दात मोजायला लागली. बगळ्यानं आपला उघडा डोळा बघितला आणि खरा घाईनं मिटला. सशाच्या हातनं पान कधी पडलं, त्याला कळलं नाही.

कोपऱ्यात साळूनं एक बाण काढला होता. इथलं बघून झालं की खेकड्याकडं जा, तो वाळूत नक्षी काढतो, असं खाली लिहिलं होतं. सशानं हळूच विचारलं, तिथंही संकेतस्थळ आहे का? साळू हो म्हणाली. ससा म्हणाला, मग उद्याच जातो.

बाहेर ऊन कललं. चार झाले, पाचवं येईना. सूर्य डोंगराला टेकला. कोल्हा उठला आणि अंग झटकून आळस द्यायला लागला. साळूनं दारातनं ते बघितलं आणि मिशी कुठनं वळते ते हवेतच गिरवून बघितलं.

तेवढ्यात आतनं हसू आलं. बाईमाणसाचं, खदखदून. कोल्ह्याचे कान उभे राहिले. लग्नानंतर हे हसू त्यानं ऐकलं नव्हतं, पण ओळखलं. साळूला ढकलून तो आत घुसला. चारही पाय आत.

वेलींचा पदर खाली पडला होता. कोल्हीण एका चित्रापुढं पोट धरून हसत होती. चित्रात कोल्हा चावडीवर झोपला होता, तोंड वासून, आणि चाळीस पोपट त्याच्या घोरण्याला वा वा म्हणत होते.

"पाच," साळू म्हणाली.

कोल्ह्याचं लक्ष नव्हतं. त्यानं चित्र जवळनं बघितलं. मग मागं सरून लांबनं बघितलं. चित्र असं बघत राहायची त्याची पहिलीच वेळ. शेवटी म्हणाला, "शेपटी जरा बारीक काढलीत."

"आहेच तेवढी," कोल्हीण म्हणाली.

तात्पर्य: खऱ्या कलेला आज ना उद्या रसिक भेटतोच, फक्त तो घरनं भलत्याच कामाला निघालेला असावा लागतो. म्हणून पोरांनो, चित्र कसंही काढा, पण पाटी शुद्ध मराठीत लावा.