खांबावरचा कवडा

पिंजऱ्यातलं पाणी बदलताना तार्जोने दार उघडं ठेवलं आणि सासऱ्यांचा लाडका कवडा रादेन भुर्रकन उडाला. झालं! डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सासरे, म्हणजे पाक दार्सोनो (जावा बेटावर वडीलधाऱ्यांना ‘पाक’ म्हणतात), सासूबाईंना घेऊन सेमारांगला थोरल्या लेकीकडे गेले होते. डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे रोज सकाळी सातला फोनवर रादेनचं घुमणं ऐकायचं, एवढाच त्यांना विरंगुळा. आजचा फोन नुकताच झाला होता, पण उद्या काय ऐकवायचं?

"अहो मास, खरं सांगून मोकळे व्हा ना," बायको वाह्यूनी म्हणाली.

"आणि राहायचं कुठे? घर त्यांचं आहे!"

लग्नांचं शूटिंग करणाऱ्या गुनादीकडून तार्जोने रेकॉर्डर आणला. गुनादीने बजावलं, "वाऱ्याचा आडोसा बघ, जमेल तितकं जवळ जा आणि अजिबात हलू नकोस. याला सगळं ऐकू येतं, बरं का."

शेजारच्या पाक मुल्योनोंचा कवडा उंच खांबावर टांगलेला होता. पहिल्या खेपेला नुसता वारा घोंघावला, म्हणून तार्जोने माइकवर मुलीचा मोजा चढवला. मग पाववाल्याच्या गाडीचं गाणं मध्येच शिरलं. तिसऱ्यांदा हेडफोन लावून ऐकतो तर गुरगुर! ते त्याचंच उपाशी पोट होतं. शेवटी बिचारा कुंपणाच्या भिंतीवर चढला.

"काय रे, माझ्या कवड्यावर डोळा आहे का तुझा?" खालून मुल्योनो खेकसले.

"नाही हो पाक, नुसता कान आहे!"

त्याची रडवेली मुद्रा बघून मुल्योनोंनी पिंजरा खाली उतरवला, तेव्हा कुठे पाच मिनिटांचं स्वच्छ घुमणं मिळालं.

दुसऱ्या दिवशी अस्सल वाटावं म्हणून तार्जोने रेकॉर्डर रिकाम्या पिंजऱ्यात ठेवून आपल्या अंगणातल्या खांबावर चढवला. बरोबर सातला फोन वाजला.

"ऐका पाक, रादेन!"

पिंजरा घुमू लागला. तेवढ्यात रांबुतानच्या झाडातून दुसरा, जरा घोगरा आवाज आला. मग पुन्हा आला, आणखी जवळून.

"जावईबापू," सासरे सावकाश म्हणाले, "तो घोगरा माझा. पण हा मुल्योनोचा आपल्या खांबावर काय करतोय?"

"पाक... रादेन उडाला हो काल. पिंजऱ्यात नुसतं रेकॉर्डिंग वाजतंय. माझ्याच हातून. चुकलं माझं."

मग सासऱ्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तुझी सासू आत चहा करतेय, तोवर ऐक. पिंजरा हळूच खाली घे, दार उघडं ठेव आणि मूठभर राळे टाक. आवाज चालूच ठेव. भूक लागली की येतो आपसूक. माझ्या हातून तीनदा उडालाय."

"तीनदा?"

"हळू बोल! कवडा तिच्या बापाचा आहे, बाबा. आणि घरही तिच्याच नावावर आहे."