तीन तुमचे, तीन माझे

"पुढचे तीन सिलिंडर माझे, मागचे तीन तुमचे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खडूनं इंजिनावर मधोमध एक आडवी रेघ ओढली.

"चालेल," दंतवैद्य म्हणाले. "फक्त रेघ जरा माझ्याकडे सरकलीय."

मास्तरांनी हातरुमालानं रेघ पुसली, फूटपट्टी लावली आणि दुसरी ओढली. सारी हयात फळ्यावर भूमितीच्या आकृत्या काढण्यात गेली होती, तेव्हा ही दुसरी रेघ निर्दोष होती. दंतवैद्यांनी एक डोळा मिटून ती तपासली आणि मान डोलावली.

हे दोघे एकमेकांचे साडू. मास्तर थोरले जावई, दंतवैद्य धाकटे. दोघांनाही सभ्यपणाची इतकी सवय की आजवर एकानंही दुसऱ्यावर आवाज चढवला नव्हता. त्यामुळे त्यांचं भांडण कधी मोठ्यानं झालं नाही आणि कधी संपलंही नाही. सासऱ्यांनी जाताना आपली जुनी, लांब नाकाची, सहा सिलिंडरची गाडी 'दोघा जावयांना मिळून' दिली होती. त्या 'मिळून' या शब्दाचा अर्थ दोघेही गेली काही वर्षं शोधत होते.

सासऱ्यांचा त्या गाडीवर भारी जीव. गाडीत बसलं की कुणी तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. "गप्प बसा, इंजिन ऐकतोय!" हे वाक्य त्यांच्या दोन्ही मुलींनी लहानपणी आईच्या अंगाईपेक्षा जास्त ऐकलं होतं. आणि पाहुणे आले की ते छाती फुगवून सांगायचे, "हे इंजिन मी आजतागायत उघडलेलं नाही. एकदासुद्धा!"

आता मात्र ते उघडावं लागलं होतं. गाडी चढावर निळा धूर सोडू लागली होती, आणि तळ्याकडून टेकडीवरच्या घरापर्यंतचा सगळा रस्ता चढच होता. सासूबाईंनी दोन्ही जावयांना बोलावून सांगितलं, "माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला मला या गाडीतून तळ्यावर जायचंय. नेलंत तर गाडी तुमची राहील. नाही नेलंत, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार आहे. मी त्याला बोलावून ठेवलंय."

सासूबाई कधी पोकळ धमकी देत नसत. दोघांनी मिळून इंजिन बाहेर काढलं, आणि वाद लागला तो पिस्टनवर.

सायकलच्या चाकात ज्यानं पंपानं हवा भरली आहे, त्याला पिस्टन समजावून सांगायला नको. नळीत जो दट्ट्या वरखाली होतो, तो पिस्टन. गाडीत असे सहा. वर्षानुवर्षं घासून नळी रुंद झाली की दट्ट्या सैल पडतो, गाडी तेल पिते आणि धूर सोडते. मग नळी कोरून आणखी जराशी मोठी करायची आणि तिच्यात जराशा मोठ्या मापाचा नवा पिस्टन बसवायचा. यात भांडण्यासारखं काही नाही. पण पिस्टनचं डोकं दोन प्रकारचं मिळतं, सपाट आणि फुगीर.

"सपाट घ्या," मास्तर म्हणाले. "गाडीचं वय झालंय. तिला झेपेल तेवढंच करावं."

"फुगीर घ्या," दंतवैद्य म्हणाले. "जोर वाढतो. आणि बघा ना, कसा अगदी दाढेसारखा दिसतो!"

"डॉक्टर, गाडीला चावायचं नाहीये."

"मास्तर, चढ चढायचाय."

दोन रविवार असे गेल्यावर खडूची रेघ निघाली. ज्यानं त्यानं आपापल्या तिघांसाठी हवे ते पिस्टन आणावेत, असं ठरलं. दोघांनाही हा तोडगा अत्यंत न्याय्य वाटला.

वर्कशॉपवालीला तो तसा वाटला नाही. ही बाई जाडजूड, कपाळावर चष्मा, आणि गिऱ्हाइकाच्या शिक्षणाचा तिच्यावर काही परिणाम होत नसे. तिनं टेबलावर मांडलेल्या तीन सपाट आणि तीन फुगीर पिस्टनांकडे बराच वेळ पाहिलं. मग बाजूला ठेवलेल्या इंजिनाच्या धुडावरची रेघ पाहिली.

"ही काय भानगड आहे?"

"वाटणी," मास्तर म्हणाले.

"इंजिनाची?"

"सामोपचारानं केलीय," दंतवैद्यांनी खुलासा केला.

"खुर्चीला दोन पाय लाकडाचे आणि दोन रबराचे लावून बसता का हो तुम्ही घरी? सहाही सारखे हवेत. डोकं सारखं, वजन सारखं, माप सारखं. नाहीतर पहिल्या वळणावर इंजिन थरथरून स्वतःच खाली उतरेल. सहा एकसारखे घेऊन या. आणि हे माप कुणी ठरवलं?"

"पहिलं वाढीव माप," दोघेही एकदम म्हणाले. "इंजिन आजवर उघडलेलंच नाही ना!"

"कशावरून?"

"सासरे सांगायचे."

बाईनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, दोघांना नीट न्याहाळलं आणि पुन्हा वर सरकवला. "धुऊन झालं की मी मोजीन," एवढंच ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मास्तरांना जेवण गेलं नाही.

"अहो, एवढं काय आहे त्यात?" त्यांची बायको म्हणाली. "डॉक्टरांचं म्हणणं मान्य करा की. फुगीर तर फुगीर. आईचा वाढदिवस तोंडावर आलाय, आणि तुम्ही दोघं बसलाय डोकी मोजत."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व भंगारात गेलं तर चालेल. गाडी गेली तर आई काय म्हणेल?"

मास्तर विचारात पडले. आपण थोरले. वर्गात दोन मुलं भांडली की आपण काय सांगायचो? जो मोठा आहे त्यानं आधी हात पुढे करावा. ते उठले, गॅलरीत गेले आणि दुकानदाराला हळू आवाजात फोन करून त्यांनी आणखी तीन पिस्टन मागवले. फुगीर. अनेक महिन्यांत पहिल्यांदा त्यांना स्वतःबद्दल इतका आदर वाटला.

ठरलेल्या दिवशी ते खोका काखेत मारून वर्कशॉपमध्ये पोहोचले. दंतवैद्य आधीच आले होते. त्यांच्याही काखेत खोका होता आणि चेहऱ्यावर तसंच उदार हसू.

"डॉक्टर, मी हट्ट सोडला," मास्तर म्हणाले. "तीन फुगीर आणलेत."

दंतवैद्यांचं हसू मावळलं. "पण मी तीन सपाट आणलेत."

"का?"

"तुम्ही थोरले. म्हटलं, आपणच नमतं घ्यावं."

टेबलावर आता सहा सपाट आणि सहा फुगीर पिस्टन उभे राहिले. एका इंजिनासाठी दोन पूर्ण संच. खरं तर इथे सगळं संपायला हवं होतं. पण आता सभ्यपणा सुरू झाला.

"फुगीरच घालू या. तुमची पहिल्यापासून इच्छा होती."

"छे छे, सपाट. तुमचं म्हणणं मला पटलंय. गाडीचं वय झालंय."

"चढ चढायचाय, डॉक्टर!"

"पण चावायचं नाहीये ना, मास्तर!"

एकमेकांची वाक्यं ते इतक्या आवेशानं बोलत होते की वर्कशॉपवालीनं लेथ बंद केलं. ती आली, एक सपाट पिस्टन उचलला आणि धुतलेल्या इंजिनाच्या पहिल्या भोकात धरला. मोठ्या भावाच्या बुटात धाकट्याचा पाय डुलावा तसा तो आत डुलला. मग तिनं फुगीर घेतला. तोही डुलला. तिनं सहाही भोकांत दोन्ही प्रकार धरून दाखवले. धुण्यात पुसल्या गेलेल्या खडूच्या रेघेच्या अलीकडे जे झालं तेच पलीकडे झालं.

"हे इंजिन आधी उघडलंय," ती म्हणाली. "एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा कोरलंय. आता आणखी कोरायला भिंतच उरली नाही. आत नवी नळी ठोकून बसवावी लागेल, मग मूळ मापाचे पिस्टन. महिना तरी लागेल."

"वाढदिवस परवा आहे," मास्तर म्हणाले.

"मग फुगे आणा," बाई म्हणाली आणि तिनं लेथ सुरू केलं.

सासूबाईंना खरं काय ते सांगायचं, असं ठरलं. कुणी सांगायचं, यावर परत सभ्यपणा झाला आणि मास्तर हरले. ते गेले तेव्हा सासूबाई खिडकीशी शिवत बसल्या होत्या. शेजारी दोऱ्याची रिळं एका करड्या, जडशा भांड्यात ठेवलेली होती. मास्तरांनी ते भांडं या घरात लग्नापासून पाहिलं होतं. आज पहिल्यांदा नीट पाहिलं. भांड्याला दोन्ही अंगांना समोरासमोर भोकं होती. त्यांनी रिळं बाहेर काढून ते उलटं केलं. बुडावर वाढीव मापाचा आकडा ठोकलेला होता.

"आई, हा पिस्टन आहे."

"मग? मला का माहीत नाही?"

"कुठला?"

"गाडीतला. दुसऱ्यांदा उघडली ना, तेव्हाचा."

"पण बाबा तर सांगायचे..."

"सांगायचे. आणि मी माहेरी गेले की उघडायचे. मला दोन्ही वेळा अंगाच्या तेलकट वासावरून कळलं. मग शपथ घातली त्यांनी, कुणाला बोलायचं नाही म्हणून."

"पण आम्हाला तरी सांगायचंत!"

"खडूची रेघ ओढताना मला विचारलंत का? विचारलं असतंत तर मोडली असती शपथ." त्यांनी दातानं दोरा तोडला. "परवा सकाळी तयार राहा, मास्तर. उन्हं चढायच्या आत निघू."

मास्तरांना सांगायचं होतं, "गाडीत इंजिनच नाही." तोंडातून निघालं, "हो."

वाढदिवसाच्या सकाळी सासूबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. दार लावून घेतलं. पर्स मांडीवर ठेवली. "चला," म्हणाल्या.

गॅरेजमध्ये चौघं उभी होती, दोन जावई आणि दोन मुली. कुणी कुणाकडे पाहिना. मास्तरांना डोळ्यांपुढे भंगारवाल्याची हातगाडी दिसत होती. शेवटी दंतवैद्य स्टिअरिंगवर जाऊन बसले. पेशंटसमोर काहीतरी करत राहायचं, ही त्यांची जुनी सवय. मास्तरांनी बाह्या सरसावल्या, दोघी बहिणींनी पदर खोचले, आणि तिघांनी गाडी ढकलली.

पोटात इंजिन नसल्यामुळे ती कागदाच्या होडीसारखी हलली. फाटकाबाहेर उतार लागताच तिघं धावत धावत कशीबशी आत शिरली. ब्रेकबद्दल आजवर कुणालाच काही मत नव्हतं, त्यामुळे ते उत्तम अवस्थेत होते.

गाडी खाली घरंगळू लागली. आवाज नाही, धूर नाही. झाडांवरची पाखरं ऐकू येत होती.

"हे घर कधी रंगवलं गं यांनी?" सासूबाईंनी विचारलं.

"मागच्या वर्षी, आई," धाकटी म्हणाली.

"आणि त्या वळणावरची शिवणकामाची बाई?"

थोरलीनं तिची हकीकत सांगितली. मग धाकटीनं त्यात भर घातली. मग दोघी हसल्या, मग आई हसली, आणि तळं येईपर्यंत गाडीत कुणी क्षणभर गप्प बसलं नाही. मास्तरांच्या लक्षात आलं, या गाडीत माणसांचं बोलणं आपण आजच पहिल्यांदा ऐकतोय.

तळ्याकाठी गाडी अलगद थांबली. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "आई, एक सांगायचंय. या गाडीत..."

"इंजिन नाही. कालच मी बॉनेट उचलून बघितलं. मला काय डोळे नाहीत?" त्या पाण्याकडे पाहत राहिल्या. "इतकी सुंदर गाडी चालते ही, आणि इतकी वर्षं तुमच्या सासऱ्यांनी मला पत्ता लागू दिला नाही."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. सासूबाईंनी त्याला वर्कशॉपचा पत्ता दिला. "इंजिन तिथे आहे, घेऊन जा. गाडीला हात लावू नकोस. ती माझ्या जावयांची आहे." डझनभर नव्या पिस्टनांत त्यांनी माती भरून कोथिंबीर पेरली. सपाट काय, फुगीर काय, सारखीच उगवली.

तेव्हापासून दर रविवारी गाडी तळ्यावर जाते. जाताना प्रश्न नसतो. परतताना सासूबाई मागच्या सीटवर बसतात, धाकटी त्यांच्या शेजारी, आणि गप्पा अखंड चालू असतात. स्टिअरिंग थोरली धरते.

पहिल्याच रविवारी चढाच्या पायथ्याशी मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि डिकीवर मधोमध उभी रेघ ओढली.

"डावी बाजू माझी, उजवी तुमची."

दंतवैद्यांनी एक डोळा मिटून पाहिलं.

"चालेल. फक्त रेघ जरा माझ्याकडे सरकलीय."