चेट्टियारापुढे अडणारी गाडी

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. तंजावूरच्या राजवाड्यामागची गल्ली, नवरात्राचा पहिला दिवस आणि एका घराच्या पुढच्या खोलीत कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, सात पायऱ्या. अगदी वर देवी, मग इतर देव, मग लग्नाचं वऱ्हाड, मान डोलावणारी बाहुली, आणि खाली जमिनीवर डाळ-तांदळाचं दुकान मांडून बसलेला मातीचा ढेरपोट्या वाणी, चेट्टियार. आता त्याच्या दुकानापुढून जाणारे, पायऱ्यांना पूर्ण वळसा घालणारे इवलेसे रूळ आणा. दिसले? मग त्यांवर वीतभर लांबीचं निळं इंजिनही ठेवा.

हे इंजिन अकरा वर्षांच्या अखिलाचं. सहा महिने ती आणि तिचे अप्पा, वरुणराव, त्याच्या मागे होते. इंजिनाच्या पोटात त्यांनी नखाएवढा डिकोडर चिकटवला होता आणि पायऱ्यांच्या आत, फळीवर, कंट्रोलचा डबा स्क्रूने पक्का केला होता. डब्यातून हुकूम निघतो, रुळांतून धावतो आणि डिकोडर तो ऐकतो : चल, थांब, शिट्टी दे. रुळांचे तुकडे चार, त्यांच्यामध्ये प्लास्टिकचे जोड, आणि प्रत्येक तुकड्याला डब्यापासून दोन वायरी. एक लाल, एक काळी.

अमावास्येला कोलू मांडायला वरुणरावांची थोरली बहीण वेंकूबाई कुंभकोणहून आली. पायऱ्यांवरची चादर उचलून तिने आत पाहिलं.

"वरू, हे काय रे? देवीच्या पायाशी काळं?"

"वायर आहे, अक्का."

"ते दिसतं मला. काढ."

कॉलेजात साठ पोरांना विजेचे धडे देणारे वरुणराव अक्कापुढे एकसष्टावं पोर व्हायचे. "पण अक्का, काळीच्या जागी..."

"ही लाल गुंडाळी उरलीय ना? हीच घाल. कुंकवाचा रंग. बघणाऱ्यालाही बरं वाटेल."

आठही वायरी लाल झाल्या. मग पायऱ्या पुन्हा झाकल्या, बाहुल्या बसल्या. आणि या घरचा नियम असा, की एकदा बसलेली बाहुली विजयादशमीपर्यंत हलवायची नाही.

पहिल्या दिवशी दुपारी अखिलाने बटण दाबलं. गाडीने शिट्टी दिली, ऐटीत निघाली, चेट्टियाराच्या दुकानापर्यंत आली आणि डबा किंचाळला, "पीं पीं पीं!" गाडी जागच्या जागी मेली.

पुन्हा चालवली. पुन्हा चेट्टियार. पुन्हा पीं पीं.

"जुनी उधारी असेल," वरुणराव म्हणाले. कोणी हसलं नाही.

शेजारचे सेतुमाधवमामा काठी टेकत आले. "सरा बाजूला. छत्तीस वर्षं रेल्वेत काढलीत मी."

"कुठल्या खात्यात, मामा?" अखिलाने विचारलं.

"पार्सल." मामांनी वाकून इंजिनाकडे पाहिलं. "हिला पुढचा सिग्नल मिळालेला नाही. थांबा. मिळेल." आणि खुर्ची ओढून, सुंडलची, म्हणजे प्रसादाच्या उसळीची, वाटी घेऊन, ते सिग्नलची वाट पाहत बसले.

वेंकूबाईचा निकाल मात्र तयार होता. "देवीला ही गाडी नको आहे. संध्याकाळी दिवा लागायच्या आत पुरता एक फेरा झाला तर ठीक. नाही तर गाडी पेटीत. आणि पुढच्या वर्षी इथे हत्ती मांडायचे."

"आत्या, देवीला नको असती तर सुरुवातीपासूनच नको असती ना? अर्धी का चालू दिली?"

"उलट बोलू नको, मुली!"

"उलट नाही. सरळ विचारते."

अखिलाने इंजिन उचललं.

"अय्यो! मांडलेलं हलवू नये म्हणून सांगितलं ना!"

"गाडी हलायलाच असते, आत्या. चेट्टियार बघा, तिथेच आहे."

तिने इंजिन चेट्टियाराच्या पलीकडे, दुसऱ्या तुकड्यावर ठेवलं. आणि काय! गाडी सुरेख चालली. वळणावर दुसरा तुकडा संपला, तिसरा आला, आणि पुन्हा पीं पीं. मग तिने ते तिसऱ्यावर ठेवलं. तिथून ते तिसरा, चौथा, पहिला असं बिनतक्रार फिरून चेट्टियारापुढे येऊन मेलं.

अखिला मांडी घालून बसली आणि बोटांवर मोजत राहिली. मुलांनो, तुम्हीही बसा. तीन तुकड्यांचं आपसांत पटतं. दुसरा एकटा असला की शहाणा, पण दोन्ही शेजाऱ्यांशी त्याचं भांडण. म्हणजे चूक कुठे?

"अप्पा, दुसऱ्याच्या वायरी उलट्या लागल्या. दोन्ही लाल, म्हणून तुम्हाला कळलं नाही. चाकं जोडावर आली की शॉर्ट होतं आणि डबा ओरडतो."

वरुणरावांनी चष्मा पुसला. "शक्य आहे," असं ते म्हणाले, तेही अक्काकडे न बघता. "पण पायऱ्या काढल्याशिवाय हात पोचायचा नाही."

"हात नाही. मी पोचते."

आधी तिने प्लग काढला. हे विसरायचं नाही. मग स्क्रूड्रायव्हर दातांत धरून ती चादरीखाली शिरली. वऱ्हाड थरथरलं, बाहुली जोरजोरात नाही-नाही करू लागली. वेंकूबाई सर्वांत वरच्या देवीला दोन्ही हातांनी धरून उभी. "हळू, बये, हळू!"

दिवा लागायच्या आधीच, कोलू बघायला पहिल्या बायका दारात आल्या, तेव्हा अखिला कोळिष्टकांसकट बाहेर आली. तिने प्लग लावला, बटण दाबलं. गाडी निघाली. चेट्टियार आला... गेला! वळण गेलं. पुरा फेरा झाला, आणि शिट्टी वाजली.

"मिळाला सिग्नल," सेतुमाधवमामा समाधानाने म्हणाले.

बायकांनी गाडीचं इतकं कौतुक केलं, की देवीकडे बघायचंच राहिलं. कोणी म्हणालं, असा कोलू साऱ्या गल्लीत नाही. ते ऐकून वेंकूबाईचा ऊर भरून आला. "आमच्या घरची पद्धतच निराळी," ती म्हणाली. मग बायका सुंडल घेत होत्या तेव्हा ती हळूच काजळाची डबी घेऊन आली आणि इंजिनाच्या कपाळावर तिने काळी तीट लावली.

"आत्या, काळं?"

"दृष्टीला काळंच लागतं. लाल लावून कधी दृष्ट उतरते काय?"

"मग वायरींना लागणार नाही दृष्ट? सगळं काम त्याच करतात."

"लागेल तर," वेंकूबाई पाहुण्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "चांगल्या वस्तूला दृष्ट लागतेच."

अखिलाने तिच्या हातातली डबी घेतली, आधी प्लग काढला, पुन्हा चादरीखाली शिरली, आणि प्रत्येक जोडीतल्या एका वायरीला, फक्त एकीलाच, टोकापासून टोकापर्यंत तीट लावली.