वंदूला दात किती

एक गोष्ट मी आधीच सांगून टाकतो. कामाची आखणी करावी तर मीच. पिपलानीच्या आमच्या सरकारी कारखान्यात कुठला नग कुठल्या यंत्रावर किती वाजता चढेल आणि किती वाजता उतरेल, हे मी ठरवतो. साडेतीनशे माणसं माझ्या कागदाप्रमाणे हलतात. तेव्हा दीड वर्षाच्या एका मुलीला वाटीभर मऊ भात भरवणं मला जड जाईल, असं वाटायचं काही कारणच नव्हतं.

हे काम मी अंगावर का घेतलं तेही सांगतो. एका गुरुवारी कारखान्यात वीज गेली आणि आम्हाला तीन वाजताच सोडलं. घरी आलो तर वंदू झोपलेली, आणि रजनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून जेवत होती. गार पोळी, गार भाजी आणि वंदूनं टाकलेला भात. त्या भातात वंदूची बोटं उमटलेली दिसत होती. मी विचारलं, एवढ्या उशिरा का? ती म्हणाली, रोजच. उभ्यानं का? तर म्हणे, मी बसले की ती उठते. एका घासाला वीस मिनिटं लागतात आणि तोही बऱ्याचदा परत येतो, त्यामुळे मुलगी झाल्यापासून आपण गरम पोळी खाल्लेली नाही, हे तिनं आज ऊन आहे म्हणावं इतक्या सहज सांगितलं. तिनं तक्रार केली असती तर मी वाद घातला असता. तिनं तक्रार केली नाही, म्हणून मला लागलं.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की येत्या रविवारी दुपारी न्यू मार्केटला हॉटेलात जेवायचं. तू बसून जेवायचं, गरम जेवायचं, आणि वंदूचं सगळं मी बघणार.

शनिवारी मी रीतसर तक्ता केला. बारा दहाला निघणं, बारा चाळीसला आसनस्थ होणं, बारा पन्नासला पहिला घास, एक वाजून वीस मिनिटांनी शेवटचा, मग तोंड पुसणं. रजनीनं तो दोनदा वाचला.

"तिला घड्याळ कळत नाही," एवढंच ती म्हणाली.

हॉटेल पहिल्या मजल्यावर होतं. कुटुंबांसाठी लाकडी आडोसे घालून छोटे छोटे खण केले होते. आडोशांची उंची माणसाच्या खांद्याएवढी, आणि खाली जमिनीपासून हातभर मोकळी जागा. मी रजनीसाठी मटर-पनीर आणि तंदुरी रोटी मागवली, वंदूचा मेतकूट-भाताचा डबा उघडला आणि रजनीची खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. तिनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, तू बघितलंस की मध्ये पडशील. आज तू या मुलीची कुणी लागत नाहीस. फक्त जेव.

ती बिचारी बसली. पानात रोटी आली, वाफाळणारी, वर लोणी. रजनीनं पहिला तुकडा मोडला तेव्हा तिच्या खांद्यांवरूनच मला कळलं की तिला किती बरं वाटलं असेल. मला स्वतःचा अभिमान वाटला. घड्याळात बारा एकावन्न झाले होते. एकच मिनिट उशीर.

वंदूनं ओठ मिटले. मी चमचा पुढे नेला, तिनं ते आणखी मिटले. आमच्याकडे यंत्राचा जबडा लोखंडाला असा धरतो की दोन माणसांशिवाय सुटत नाही, त्यातला प्रकार. मी चमच्याचं विमान केलं. त्याला उतरायला जागा मिळेना, शेवटी ते माझ्या शर्टावर उतरलं. मग मी कावळा झालो. तो इतका चांगला वठला की पलीकडच्या खणातून कुणीतरी वेटरला खिडकी लावून घ्यायला सांगितलं. वंदू मात्र माझ्याकडे अशी बघत होती की हा माणूस कोण आणि याला झालंय काय.

मग मी ती चूक केली. मी तिचं नाक धरलं. हलकेच, तोंड उघडावं म्हणून. तोंड उघडलं खरं, पण रडण्यासाठी. ती माझ्या मांडीवरून सुळकन खाली घसरली, टेबलाखाली गेली आणि आडोशाखालच्या फटीतून पलीकडे पसार झाली. मी हाक मारली असती तर रजनीनं वळून बघितलं असतं. म्हणून मी चमचा हातात तसाच ठेवून जमिनीवर पालथा झालो, पोट आत घेतलं आणि तिच्या मागोमाग फटीतून सरपटत गेलो.

पलीकडे डोकं वर काढलं तर समोर एक वयस्कर मुसलमान बाई बसल्या होत्या. पांढरी ओढणी, बोटात चांदीची जाड अंगठी. त्यांच्या शेजारी त्यांचे म्हातारे नवरे नवाकोरा चष्मा लावून मान खाली घालून जेवत होते. वंदू बाईंच्या पायाला मिठी मारून हुंदके देत होती. बाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं, तिच्याभोवती ओढणी लपेटली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या मिशीत भात होता, गुडघ्यांना धूळ होती आणि हातात चमचा होता.

"कौन हो मियाँ?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मैं इसका बाप हूँ.

त्यांनी वंदूची हनुवटी वर केली आणि माझ्याकडे बोट दाखवून मायेनं विचारलं, "बेटा, ये कौन है?"

वंदूनं डोळे पुसले, माझ्याकडे नीट बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "काका."

म्हाताऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी नवा चष्मा सरळ करून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी घाईघाईनं सांगितलं की माझी बायको इथेच पलीकडे बसली आहे, तिला विचारा. बाई उठल्या, मीही उठलो, आणि आम्ही दोघांनी आडोशावरून पलीकडे डोकावलं. भिंतीकडे तोंड केलेली एक रिकामी खुर्ची आणि तिच्यासमोर वाफ निघणारी रोटी. बाकी कुणी नाही.

बाईंनी विचारलं की तुमची बायको भिंतीकडे तोंड करून जेवते का. मी म्हटलं, हो, मीच तिला तसं बसवलंय. हे उत्तर देऊन मी माझी बाजू आणखी कमकुवत केली.

झालं होतं असं, की आमच्या खणात एकाएकी शांतता पसरली आणि त्या शांततेनंच रजनी दचकून वळली. बघते तर नवरा नाही, मुलगी नाही. तिला वाटलं, वंदू रडायला लागली म्हणून मी तिला खाली रस्त्यावर मोटारी दाखवायला नेलं. ती खाली गेली. स्कूटर जागेवर होती, आम्ही नव्हतो. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसत होतं की एक बाई आणि गलका ऐकून आलेले हॉटेलचे मॅनेजर माझ्यासमोर उभे आहेत, आणि माझी मुलगी मला परत द्यायला कुणी तयार नाही.

मॅनेजरनी मुलीचं नाव विचारलं, ते मी सांगितलं. पण नाव काय, कुणीही ऐकून सांगेल. बाईंना ते पटलं नाही. त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "अच्छा, बच्ची के दाँत कितने हैं?"

मी म्हटलं, चार. मी खात्रीनं म्हटलं, कारण मी ते चार मोजले होते. कधी मोजले होते, ते आठवेना.

बाईंनी अंगठ्यानं वंदूचा ओठ अलगद वर केला, मग खालचा ओठ खाली ओढला. "दस," त्या म्हणाल्या.

मॅनेजरनी पोलिसांचं नाव काढलं, पण मला त्याचं भय वाटलं नाही. दहा दात! साडेतीनशे माणसांच्या पाळ्या मला तोंडपाठ, आणि माझ्या घरात सहा दात येऊन बसले तरी मला पत्ता नाही. मी तिथेच एका स्टुलावर बसलो. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी बाप असल्याचा पहिला संशय त्यांना तेव्हाच आला असावा.

रजनी वर आली तेव्हा तिला श्वास लागला होता. ती चौकापर्यंत अनवाणी धावली होती, पानवाल्याला आणि टांगेवाल्यांना विचारत फिरली होती. तिचा चेहरा मी कधी एवढा पांढरा पडलेला बघितला नव्हता. वंदूनं तिला बघताच हात पसरले आणि "आई" म्हटलं. तिथेच खटला संपला. रजनीनं तिला उचलून छातीशी धरलं. मग तिला जाणवलं की आपल्या खांद्यावर काहीतरी चावलं जातंय.

"ही काय खातेय?" तिनं विचारलं.

बाईंनी ताटाकडे बोट दाखवलं. भरलं कारलं. आमची सगळी चौकशी चालू असताना वंदूनं त्यांच्या ताटात हात घालून अर्धं कारलं संपवलं होतं, आणि उरलेल्यासाठी ती आता आईच्या कडेवरून खाली वाकत होती. साखर घातलेली खीर थुंकणारी आमची मुलगी! रजनी मटकन खुर्चीवर बसली.

बाईंचं नाव बिलकीस. जुन्या शहरातल्या शाहजहानाबादहून नवऱ्याचा चष्मा घ्यायला आल्या होत्या. त्यांनी रजनीला माझ्यावरचा सगळा आरोप सांगितला आणि मुलगी बापाला काका का म्हणते, असं विचारलं. रजनीला हसू आलं, पण ती माझ्याकडे बघून थांबली. मग तिनं सांगितलंच. संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की ती वंदूला खिडकीशी नेते आणि म्हणते, बाबा आले. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खालची शेड दिसते, शेडमध्ये स्कूटर दिसते. मी दिसत नाही, कारण मी तसाच तळमजल्यावर प्रभाकरकडे कॅरम खेळायला जातो. वर येईपर्यंत वंदू झोपलेली असते, आणि सकाळी मी निघतो तेव्हा उठलेली नसते.

"ती स्कूटरला बाबा म्हणते," रजनी हळूच म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

एरवीच्या रविवारी वंदूनं माझ्याकडे बघून काका म्हटलं, की तिचा प्रभाकरकाका आला का म्हणून मी मागे वळून बघत असे, हे मला त्या क्षणी आठवलं. मी ते कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय.

खालाबींना (खाला म्हणजे मावशी; बिलकीसबाईंना आम्ही नंतर खालाबीच म्हणायला लागलो) माझी दया आली असावी. त्यांनी रजनीची गार झालेली रोटी परत पाठवली, त्यांच्याच टेबलाशी आम्हाला बसवलं आणि ताज्या रोट्या मागवल्या. रजनी संकोचून वंदूला घ्यायला लागली, तर त्यांनी तिचा हात धरून ताटाकडे वळवला. म्हणाल्या, तू खा. ही कुठे जात नाही. रजनीनं चार रोट्या खाल्ल्या. तिसऱ्या रोटीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, तिखट लागलं का? ती हो म्हणाली. भाजी तिखट नव्हती.

वंदू खालाबींच्या मांडीवर बसून त्यांच्या ताटातलं खात होती. त्या तिच्याकडे बघतही नव्हत्या. मला राहवेना. मी त्यांना विचारलं, तुम्ही हिला खायला घातलंत तरी कसं?

"मैंने कहाँ खिलाया?" त्या म्हणाल्या. "मैं तो खुद खा रही थी."

कारखान्यात कुणी मला एवढ्या थोडक्यात काम समजावलेलं नाही.

सोमवारपासून मी प्रभाकरकडे जाणं बंद केलं. साडेपाचला सरळ वर यायचो, जमिनीवर ताट घेऊन बसायचो आणि वंदूकडे न बघता जेवायचो. पहिले दोन दिवस ती दारातून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी जवळ आली आणि माझ्या ताटातली पोळी ओढली. मी श्वास रोखून जेवत राहिलो. अर्धी पोळी, चार घास वरणभात, काकडीची फोड, हे सगळं तिनं स्वतःच्या हातानं खाल्लं. मला धावत जाऊन रजनीला सांगायचं होतं, पण बाहेरच्या खोलीत ती चक्क झोपली होती. संध्याकाळी सहा वाजता, दिवा न लावता, पाय पोटाशी घेऊन. मी दार लोटून घेतलं आणि वंदूचं तोंड पुसलं. पुसताना दात मोजले. अकरा. महिनाभरानं एकदा ती माझ्या गुडघ्यावर थाप मारून बाबा म्हणाली, तेव्हा स्कूटर खाली शेडमध्येच होती.

आता फक्त एवढंच झालंय की मी संध्याकाळी सहाला वंदूबरोबर जेवतो आणि नवाला रजनीबरोबर जेवतो, कारण तिला एकटीनं जेवायला आता आवडत नाही. गेल्या महिन्यात कारखान्याच्या दवाखान्यात वजन केलं. डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला आणि माझं संध्याकाळचं जेवण बंद करून एक वाटी उकडलेला दुधी लिहून दिला. बिनमिठाचा. पहिल्या दिवशी मी तो मन घट्ट करून ताटात घेतला. वंदू शेजारी येऊन बसली, तिनं एक फोड उचलली, मग दुसरी, आणि मी चमचा आणायला उठलो तेवढ्यात तिनं रिकामी वाटी उपडी करून दाखवली.

रजनीनं विचारलं, तुम्ही काय खाल्लंत? मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलेलं वंदूनं खाल्लं.