केरबाकाकांचा बोलका डबा

केरबाकाकांना मी एका रविवारात बोलतं करणार होते! सोमवारी सरांना दाखवायचं, शुक्रवारी लातूरच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर काढायचा. बक्षीस घ्यायला कोणता ड्रेस घालायचा तेसुद्धा ठरलं होतं. फक्त डबा बनवायचा राहिला होता.

केरबाकाका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर. 'पुढं सरका' म्हणाले की माणसंच काय, गाडीखालचा रस्तासुद्धा पुढं सरकायचा! आठ महिन्यांपूर्वी लकवा मारला. उजवं अंग गेलं, आवाजही गेला. डोकं मात्र लख्ख. अंगणातल्या खाटेवर पडल्या पडल्या डाव्या हातातल्या चमच्यानं स्टीलचा पेला वाजवायचे. पेला वाजला की काकू पाणी द्यायची. पुन्हा वाजला की पुन्हा पाणी. प्यायचे बिचारे, आमच्याकडं एकटक बघत.

म्हणून माझ्या डब्याचं पहिलं बटण पाण्याचं. जुन्या टिफिनवर पाच बटणं बसवली. दाबलं की आत भरून ठेवलेला आवाज बोलणार : 'पाणी! पाणी!', 'चहा द्या', 'भूक लागली', 'गोळी द्या' आणि 'धन्यवाद'. आवाज अर्थातच माझा!

"दादाला इचारलंस का, त्याला काय बोलायचंय ते?" बाबांनी विचारलं.

"इचारू कसं? बोलता येत न्हाई म्हणून तर डबा करून राहिले ना!"

मला वाटलं, जिंकले!

अडचण एकच होती. डब्याचा आवाज डासाएवढा. पण आमच्या छपरावर भोंगा होता. आमचा तालुका जिल्हा व्हावा म्हणून जी समिती झाली होती, तिचे बाबा सचिव. सकाळ-संध्याकाळ भोंग्यातून जिल्हा मागायचे आणि टँकर आला की त्याच भोंग्यातून गल्लीला सांगायचे. जोडली वायर!

"दाबा काका!"

काकांनी पहिलं बटण दाबलं.

"पाणी! पाणी!"

माझा आवाज थेट देगलूरला ऐकू गेला असणार. टँकर येऊन बारा दिवस झाले होते. दोन मिनिटांत आमचं अंगण घागरींनी भरलं. पुढं सिद्धम्मा, दोन काखांत दोन घागरी.

"कुठाय टँकर?"

"टँकर न्हाई मावशी, प्रयोग हाय!"

"पाण्याचा कसला प्रयोग गं, बाई?"

पुढच्यांना कळलं, पण मागच्यांना कोण सांगणार? ते रेटतच राहिले. 'माझा नंबर', 'तुझा कसला नंबर' सुरू झालं. रेटारेटीत काकांची खाट गर्रकन फिरली, खाटेचा एक पाय मोडल्यासारखा वाकला. काका भराभर बटणं दाबू लागले.

"चहा द्या!" भोंगा गरजला. "धन्यवाद!"

"पाणी न्हाई ते न्हाई, अन् वरून चहा मागून राहिली ही पोरगी!"

काकांचं बोट डब्यावर काहीतरी शोधत होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. थांबा. नको. नाही. यातलं एकही बटण मी बसवलंच नव्हतं!

काकांनी डबा खाली ढकलला, चमचा उचलला आणि सिद्धम्माच्या रिकाम्या घागरीवर हाणला.

टण!

दारात रेवणप्पा उभे होते, काकांच्याच गाडीचे ड्रायव्हर. त्यांचा उजवा पाय हवेतच ब्रेकवर गेला.

"थांबा रे! एक घंटी झाली! केरबा थांबा म्हणून राहिलाय!"

सगळं अंगण थांबलं. एसटीची घंटी कुणाला कळत नाही? एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

"केरबा, टँकर आलाय का?"

टण.

"मग धाडू सगळ्यांना घरी?"

टण टण!

घागरी निघून गेल्या. रेवणप्पा खाटेशी उकिडवे बसले. "आठ महिने आलो न्हाई बघ. तुला बोलता येईना, मी काय बोलावं, कळंना. राग आलाय?"

टण टण.

"लई?"

काकांनी बराच वेळ विचार केला. टण.

काकू पेला हातात धरून तशीच उभी. "म्हंजे... एकदा वाजवायचे, ते 'नको' म्हणायचे तुम्ही?"

टण टण!

"आन् मी पाणीच पाजून राहिले!"

त्या दुष्काळात उभ्या मराठवाड्यात सगळ्यात जास्त पाणी प्यालेला माणूस आमच्या घरात होता.

संध्याकाळी मी पुठ्ठ्यावर सगळी अक्षरं लिहिली. मी ओळीवर बोट ठेवायचं, नको असेल तर काकांची एक घंटी, हवी असेल तर दोन. मग त्या ओळीतल्या अक्षरांवर तसंच. एका वाक्याला अर्धा तास लागतो. पण ते वाक्य त्यांचं असतं.

शुक्रवारी लातूरला पेला, चमचा, पुठ्ठा आणि काका असे चौघं येणार आहेत. तक्त्यावर मी 'संशोधक : केरबाकाका' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग हळूच विचारलं, "खाली माझं नाव सहसंशोधक म्हणून लिहू?"

टण.

"बरं, मदतनीस?"

टण.

"मग काय लिहू? प्रवासी?"

टण टण!