बाबांच्या पानावरची धावती ओळ

वेबसाइटवरची एक ओळ बदलायला कितीसा वेळ लागतो? चहा उकळेपर्यंत होईल, असं मी मामाला ठणकावून सांगितलं. त्याने चहा टाकलासुद्धा.

ओळ बदलणं गरजेचं होतं. बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. बाबा गेल्यापासून दुकानाचा फोन घरी, आईच्या उशाशी असायचा. गिऱ्हाइकं विचारत, साहेब आहेत का, आणि दर वेळी आईला ते सांगावं लागे. ती सांगायची, फोन ठेवायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. मी फोन घेतला तर उपयोग शून्य. माझ्या तोंडून ते वाक्य निघतच नसे. "सध्या दुकानात नाहीत," असं पुटपुटून मी सुटायचे, आणि तेच गिऱ्हाईक नंतर पुन्हा फोन करून आईला गाठायचं.

बाबांनी स्वतः शिकून दुकानाचं एक पान बनवलं होतं. कोणाचं मशीन तयार झालं ते गिऱ्हाइकं त्यावर बघत. पानाच्या माथ्यावर एक ओळ उजवीकडून डावीकडे सरकायची: मशीन जुने असले तरी टाकू नका, आणून दाखवा. त्या जागी निवेदन दिलं की सगळ्यांना कळेल आणि आईला पुन्हा काही बोलावं लागणार नाही, असा माझा बिनतोड हिशेब होता.

आईचा दुपारचा डोळा लागल्यावर मी फोन तिच्या उशाजवळून उचलला आणि कामाला बसले. निवेदन छानच लिहिलं. फार पुस्तकं वाचली की माणसाकडून असं होतं. आधी गिऱ्हाइकांविषयी कृतज्ञता, मग वडिलांचे निधन झाले ही बातमी, आणि शेवटी माहिती: दुकान बंद होत आहे, आपापली मशिने शनिवारपर्यंत घेऊन जावीत. बाबांचा कोड मला जुनाट वाटला. तो पुसून इंटरनेटवरून नवा आणला. त्याच्या नावातच 'आकर्षक' होतं.

पान उघडलं. निवेदन उजवीकडून सुसाट आलं, डाव्या कडेवर आपटलं आणि चेंडूसारखं उलटं गेलं. पुन्हा आलं, पुन्हा आपटलं.

मामा कप घेऊन मागे उभा होता. "दाजी बस पकडायलासुद्धा कधी धावले नाहीत," तो म्हणाला. "आता कशाला पळवतेस त्यांना?"

आपटणं थांबवायला गेले तर ओळ खालून वर चढू लागली, सिनेमा संपल्यावर नावं चढतात तशी. आता दिवे लागतील आणि लोक चपला शोधतील, असं मामा म्हणाला. घाईघाईने ती आडवी केली. आडवी झाली, पण मधले मधले शब्द लुकलुकायला लागले. त्यांत 'निधन' होता.

एवढ्यात फोन थरथरला. हे सगळे प्रयोग मी थेट चालू पानावर करते आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पलीकडे पडदे शिवणाऱ्या बाई होत्या. पळत्या ओळीतून त्यांच्या हाती 'कृतज्ञता' आणि 'शनिवार' एवढंच लागलं होतं. त्यामुळे शनिवारी साहेबांचा सत्कार आहे, याविषयी त्यांना शंका नव्हती. फुलं आणली तर चालतील का, एवढंच विचारायचं होतं. चालतील, असं मी म्हणाले!

लगेच पिशव्या शिवणारे गृहस्थ. त्यांनी 'मशिने' आणि 'घेऊन जावीत' पकडलं होतं. साहेब मशिनं वाटून टाकताहेत, हे ऐकून (म्हणजे स्वतःच वाचून) ते टेम्पो सांगून बसले होते. ओळ नीट वाचा, असं मी कसंबसं म्हटलं.

"ती उभी राहील तर वाचू ना, ताई."

मी फोन ठेवला आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून तो पिठाच्या डब्यात कोंबून झाकण लावलं. पुढची घंटा वाजली तेव्हा पत्र्याच्या डब्याने ती शेजारच्या घरापर्यंत पोचवली.

आई उठून आली. तिने झाकण काढलं, फोनचं पीठ पदराने पुसलं आणि कानाला लावला. पडदेवाल्या बाईच होत्या, सत्काराची वेळ विचारत. आई ऐकत राहिली. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "सत्कार नाही हो. ते गेले." ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते तिलाच पुन्हा बोलावं लागलं. आणि या वेळी माझ्यामुळे.

फोन ठेवून ती पान दाखव म्हणाली. ओळीमागे तिचे डोळे इकडून तिकडे धावले आणि दमले.

"मला नाही वाचता येत ही. यांची यायची."

मग तिने सांगितलं. ओळ बदलली की बाबा तिला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावत. एखादा शब्द निसटला की ओळ आणखी हळू करत. अडखळल्याशिवाय वाचली की, झालं. गिऱ्हाइकांना जमतंय का, हे त्यांनी कधी कोणाला विचारलंच नाही.

मी आईला समोर बसवलं. ती वाचायची, अडायची, मी वेग कमी करायचे. 'कृतज्ञता'पाशी ती फार वेळा अडली. तो शब्द मी काढूनच टाकला. शेवटी ओळ इतकी सावकाश झाली की सरकतेय की नाही ते पडद्याला बोट लावून बघावं लागे. आईने ती एका दमात वाचली. 'वडिलांचे निधन झाले'पाशीही थांबली नाही. शनिवारपर्यंत गेली आणि म्हणाली, "झालं."

मामा खिडकीबाहेर बघत गार चहा प्यायला.

फोन पुन्हा वाजला. आईचा हात पुढे आला, पण त्याआधी मी उचलला. पिशवीवाले.

"ताई, पान अडकलंय का? मगापासून 'आमच्या' एवढंच दिसतंय."

"अडकलं नाहीये. आईच्या वाचण्याच्या बेताने चाललंय." आणि मग मी ते सांगितलं. आमचे बाबा वारले. सरळ, चार शब्दांत नाही, तीनच शब्दांत.

फार चांगला माणूस, ते म्हणाले. टेम्पो नको म्हणून सांगतो, म्हणाले. मग जरा चाचरत, "पण माझं स्वतःचं एक मशीन आहे तिथे. त्याचं काय करायचं?"

"ते ओळीच्या शेवटी दिलंय," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत येईल."