दोन गाड्या आणि एक मांडी

त्या सकाळी मी फक्त कुंपणापर्यंत जायचं ठरवलं होतं. अंघोळ, देवपूजा आटोपली होती. कपाळावर ओलं गंध, अंगात पांढरी बंडी, खाली धोतर, खांद्यावर केशरी टॉवेल. शेजारी दोन गाड्या एकदम सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणून गेलो. (रसायनीच्या कारखान्यात बावीस वर्षं गेटवर गाड्यांची नोंद केली आहे. गाडी सुरू झाली की माझे पाय आपोआप फाटकाकडे वळतात. आमची बायको विनिता याला भोचकपणा म्हणते. मी अनुभव म्हणतो.)

शेजारी बायजामावशीचे दोन मुलगे. हायवेला जमीन गेली तेव्हा थोरल्या साईनाथने काळी परदेशी गाडी आणली आणि पंधरा दिवसांत धाकट्या मनोजने पांढरी. कंपन्यांची नावं सांगत नाही, कारण मला ती म्हणता येत नाहीत. तेव्हापासून दोन वर्षं दोघांत बोलणं बंद. (मधला निरोप्या मीच. निरोप पोचवताना त्यात चिमूटभर मीठ घालायचो, हे कबूल.)

त्या दिवशी कशेळ्याला मावशीच्या नातीचा, म्हणजे तिची लेक माधवी हिच्या रियाचा साखरपुडा होता. मुहूर्त अकराचा. दोघेही आपापल्या गाडीचं दार उघडून आईसमोर उभे. ती एकाच्या गाडीत बसली की दुसरा घरी फिरणार, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. आणि दोनातला एक मामा गायब म्हटल्यावर माधवीने मुलाकडच्यांना काय तोंड दाखवायचं?

मावशी पायरीवरूनच म्हणाली, "पाय खाली सोडले का सुजतात माजे. ज्या गाडीत मांडी घालून बसता येल, तीत बसन."

दोघांनी आपापल्या मागच्या सीटकडे वळून पाहिलं. एकाने आईला लेदर किती भारी ते सांगितलं होतं, दुसऱ्याने पाय पसरायला जागा किती ते. मांडीचं कोणीच बघितलं नव्हतं.

"मी बघतो," मी म्हणालो. (मला कोणी विचारलं नव्हतं.)

आधी पांढरी. मांडी झकास बसली, पण सीट मागे इतकी उतरती, की मी पेंढ्याच्या उडवीत पडल्यासारखा आत आत गेलो. डोळ्यांसमोर फक्त छप्पर. "जागा भरपूर आहे मावशी," मी आतूनच निकाल दिला, "फक्त कशेळं दिसणार नाही."

मग काळी. मऊ तर अशी, की लोण्याच्या गोळ्यावर बसावं. पण मागे दोन वेगळ्या खुर्च्या आणि मधे हात टेकायला जाडजूड दांडा. मांडी काही मावेना. मी हरणाऱ्यातला नाही. एक गुडघा दाराच्या कप्प्यात घातला, दुसरा त्या दांड्याखाली सरकवला. बसली.

इथे उतरायला हवं होतं. पण हाताशी बटणं होती. (गेटवर मला एकच बटण होतं, तेही भोंग्याचं.) एक दाबलं, सीट पाठ चेपू लागली. दुसरं दाबलं, खालून तव्यासारखी ऊब आली. तिसरं दाबलं तर दोन्ही बाजूच्या गाद्या फुगल्या आणि माझ्या मांड्या त्यांनी आवळून धरल्या. घाबरून चौथं दाबलं, तर पुढची सीट सरकत येऊन माझ्या नडग्यांना टेकली. वर पोटरीत गोळा आला. मी जी बोंब ठोकली, ती विनिताला घरात मिक्सर चालू असताना ऐकू गेली.

साईनाथ गाडीचं पुस्तक घेऊन आला. ते इंग्रजीत. मनोज दुसऱ्या दाराने आत शिरला आणि म्हणाला, "दादा, याचा डावा गुडघा धर."

"डावा नाय रं, उजवा अडकलाय," साईनाथ म्हणाला.

दोन वर्षांनी भाऊ भावाशी बोलला. कशावर, तर माझ्या गुडघ्यावर.

पण गुडघा हलला की मी बोंबलायचो, आणि इकडे साडेनऊ वाजून गेले. शेवटी मावशी उठली, पुढच्या सीटवर बसली (म्हणजे जवळजवळ माझ्या मांडीतच) आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्याला तसाच. मुहूर्त काय मांडीसाठी थांबत नाय."

विनिताने खिडकीतून शर्ट दिला, पण वाकलो की गोळा यायचा, म्हणून तो घालता आलाच नाही. साईनाथ गाडी चालवत होता, मनोज माझा गुडघा चोळत होता. कर्जतपर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकावर मी वेगळ्या सुरात ओरडलो. तिसऱ्या सुरावर मनोज हसला, चौथ्यावर साईनाथला गाडी बाजूला घ्यावी लागली. दोघे डोळे पुसत होते. मीही पुसत होतो, माझं कारण वेगळं.

कशेळ्याला मांडवासमोर काळी काच खाली गेली. आत गंध लावलेला, केशरी वस्त्राचा, मांडी घातलेला, डोळे मिटलेला मी. (कळ येत होती हो.) मुलाची आजी धोंडूबाई पुढे आल्या, त्यांनी हात जोडले आणि माझ्या मांडीवर नारळ ठेवला. त्यांच्यामागे रांग लागली. मी सगळ्यांना आशीर्वाद दिले. काय करणार, हातच तेवढे मोकळे होते.

अखेर नवरी मुलगी स्वतः आली. रियाने तेच तिसरं बटण पुन्हा दाबलं. गाद्या सुटल्या, मीही सुटलो.

साखरपुडा दोन्ही मामांनी थाटात पार पाडला. मावशी मात्र दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय खाली सोडून मजेत बसली होती. मी लंगडत जवळ गेलो.

"मावशी, पाय सुजतील की."

"माजे पाय कदी सुजले रं?" ती हळूच म्हणाली. "दोगं एका गाडीत बसाया पायजे हुते. म्हटलं, मांडीचं काडून अडवून ठेवावं, घोळात बोलतील, नागू नाक खुपसाया येतोच. तू मांडी खुपसलीस, येवढंच."

परतताना काळ्या गाडीत मावशी, दोन्ही भाऊ आणि माहेरी निघालेली माधवी. मला जागा नव्हती. मी शेअर जीपमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकलो. धोंडूबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "महाराज, तुमी जीपनं?"

"त्याग," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी माधवीकडून नंबर घेऊन त्यांनी घरी फोन केला. विनिताने उचलला. महाराज कोणत्या वारी बसतात, असं त्या विचारत होत्या.

"रोजच बसलेले असतात हो," विनिता माझ्याकडे बघत म्हणाली, "उठतील त्या दिवशी कळवते."